मामांची लाल प्रिसिजन

जुन्या इलेक्ट्रिक बेस गिटारमध्ये सगळ्यात महाग काय, असं विचारलं की कोणी लाकडाचं नाव घेतं, कोणी पिकअपचं, म्हणजे तारांची कंपनं विजेत बदलणाऱ्या भागाचं. बाजार मात्र आधी रंग बघतो. अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ थर तो. कारखान्यातून निघाला तसा असेल तर गिटारची एक किंमत; मधे कधी कोणी तो खरवडून दुसरा मारला असेल, तर बाकी सगळे भाग जागच्या जागी असूनही साधारण निम्मी. जुन्या गिटारींचे व्यापारी आणि संग्राहक हाच आडाखा धरतात, आणि तो अगदीच बिनबुडाचा नाही. पण आमच्या नौपाड्याच्या घरात जी बेस आहे तिला तो लावायला बसलो की माझं मन ऐकत नाही. का ऐकत नाही ते नीट लिहून काढावं, असं बरेच दिवस डोक्यात होतं.

बेस माझ्या मामांची. फेंडरची प्रिसिजन, १९६६ सालची, लाल रंगाची. मामा सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकांत ठाण्यातल्या एका ऑर्केस्ट्रात बेस वाजवायचे. दिवसा वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात नोकरी, संध्याकाळी तालीम, आणि गणपती बसले की कार्यक्रमांची रांग. त्या काळी परदेशी वाद्य दुकानात जाऊन विकत घेणं हा प्रकारच नव्हता. आयातीवर निर्बंध, जकात अवाच्या सवा. गिटार यायची ती बोटीवर नोकरी करणाऱ्या कोणाच्या तरी सामानातून. मामांनी ही घेतली धोबी तलावच्या एका गोवेकर वादकाकडून, हप्त्यांवर. ते हप्ते फेडताना आजीच्या पाटल्या गहाण पडल्या होत्या, हे मला आईकडून कळलं. मामा स्वतः त्यावर कधी बोललेले नाहीत.

प्रिसिजन म्हणजे काय चीज आहे ते थोडक्यात सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. लिओ फेंडर यांनी कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी १९५१ साली ही बेस बाजारात आणली. तोवर खर्जाचं काम उभ्या डबल बेसकडे असायचं. ते वाद्य माणसाहून उंच, न्यायला-आणायला जिकिरीचं, आणि ट्रम्पेट-ड्रम्सच्या गर्दीत त्याचा आवाज बुडायचा. फेंडर यांनी सपाट लाकडी बॉडीवर ३४ इंच मापाच्या तारा ताणल्या, खाली पिकअप बसवला आणि नेकला, म्हणजे लांब दांड्याला, पडदे (फ्रेट) दिले. बोट पडद्यामागे टेकलं की सूर नेमका लागणार, म्हणून नाव प्रिसिजन. १९५७ मध्ये पिकअप दोन तुकड्यांत विभागला गेला आणि तोच साचा आजवर चालत आलाय. आपल्याकडे हिंदी चित्रपटसंगीतात टोनी वाझ यांच्यासारख्या वादकांनी बेसवर केलेलं काम ऐकावं. ऐकणाऱ्याला ते वेगळं असं ओळखू येत नाही, पण ते काढून घेतलं तर गाण्याखालची जमीनच जाते.

संग्राहकांच्या लेखी फेंडरच्या इतिहासात एक रेघ आहे: जानेवारी १९६५. त्या महिन्यात सीबीएस या अमेरिकन रेडिओ-टीव्ही कंपनीने फेंडर कंपनी १ कोटी ३० लाख डॉलरला विकत घेतली. रेघेच्या अलीकडची वाद्यं ‘प्री-सीबीएस’, म्हणून जास्त मोलाची. मामांची बेस रेघेपलीकडे जेमतेम एक पाऊल. लाकूड बहुतेक तेच, यंत्रं तीच, हात बऱ्याच अंशी तेच. पण सौदा करताना हे कोणी धरत नाही.

आता लाल रंगाची गोष्ट. १९७८ साली गडकरी रंगायतन उघडलं आणि पुढच्या वर्षी मामांच्या ऑर्केस्ट्राला तिथे कार्यक्रम मिळाला. एवढ्या मोठ्या रंगमंचावर जायचं तर सगळ्यांना लाल कोट हवेत आणि वाद्यंही कोटाला शोभणारी हवीत, असं ऑर्केस्ट्राच्या मालकांनी ठरवलं. मामा बेस घेऊन वागळे इस्टेटमधल्या गाड्यांच्या पेंटिंगच्या शेडमध्ये गेले. तिथे फियाट आणि अँबेसेडर रंगायचे. पेंटरने सगळे सुटे भाग काढले, मूळ सनबर्स्ट (कडेला गडद, मधे पिवळा होत जाणारा रंग) घासून काढला, सरफेसर म्हणजे रंगाखालचं अस्तर मारलं आणि गाडीचा लाल ड्युको स्प्रे केला. पुढची सगळी वर्षं बेस लालच होती. लग्नाच्या हॉलमध्ये, सार्वजनिक गणपतीच्या मांडवात, कळव्याच्या मैदानात, सगळीकडे ती लाल बेस म्हणूनच गेली.

याला आजचे संग्राहक ‘रीफिनिश’ म्हणतात आणि मान हलवतात. पण फुलर्टनमध्ये काय चाललं होतं ते बघा. ड्यूपाँट कंपनीने १९२०च्या दशकात मोटारींसाठी नायट्रोसेल्युलोज लॅकर काढलं, त्याचं नाव ड्युको. त्याआधी गाडीचा रंग वाळायला आठवडे लागायचे; हा काही तासांत वाळायचा, म्हणून मोटारींचे कारखाने त्याच्यावर तुटून पडले. फेंडरने आपले खास रंग उचलले ते याच मोटारींच्या रंगपत्रिकेतून, काही ड्युको, काही ड्यूपाँटचंच ल्युसाइट. फिएस्टा रेड हा फोर्डच्या थंडरबर्डवरचा लाल. लेक प्लॅसिड ब्लू कॅडिलॅकवरचा निळा. गिऱ्हाइकाने असा रंग मागितला तर किमतीवर ५ टक्के जादा. कधी कधी तयार सनबर्स्टवरच असा रंग मारून माल बाहेर काढला जायचा, हेही संग्राहकांना चांगलं ठाऊक आहे. म्हणजे मोटारीचा रंग गिटारवर मारण्याची रीत खुद्द कारखान्याचीच. वागळे इस्टेटच्या पेंटरने वेगळं काय केलं? त्याच जातीचा रंग, त्याच जातीच्या गनने, बारा-तेरा वर्षं उशिरा मारला. फुलर्टनच्या कामगाराने मारलेल्या लाल रंगाला आज दुप्पट-तिप्पट भाव आणि ठाण्याच्या कामगाराने मारलेल्या लाल रंगामुळे निम्मा, यातलं बाजाराचं गणित मला कळतं. पटत मात्र नाही.

गणित कळतं म्हणजे काय, तेही सांगतो. मूळ रंग एकदाच असतो. तो गेला की कितीही पैसे टाकले तरी परत येत नाही. नायट्रो लॅकर वर्षानुवर्षं हळूहळू पिवळं पडतं, पांढरा रंग सायीसारखा होतो, निळ्यावर हिरवट झाक येते. थंडी-उन्हाच्या बदलाने त्याला बारीक तडे जातात. हाताच्या, पट्ट्याच्या, बकलाच्या जागा झिजतात. हे सगळं घडायला माणसाचं एक आयुष्य लागतं. फेंडरनेच १९९५ पासून कारखान्यात मुद्दाम झिजवलेल्या नव्या गिटारी विकायला सुरुवात केली, आणि त्या खपतात, यावरून त्या झिजेची ओढ किती आहे ते कळावं. म्हणून ज्यांच्याकडे मूळ रंगाचं जुनं वाद्य आहे त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: पोपडे निघालेले असोत, अर्धं लाकूड उघडं पडलेलं असो, त्याला हात लावू नका. चमक आणण्यासाठी बफसुद्धा मारू नका. सत्तरच्या दशकात लाकूड दिसावं अशी फॅशन आली आणि साठच्या दशकातल्या कितीतरी चांगल्या गिटारींचा रंग मालकांनी हौसेने उतरवला. ते नुकसान कशानेही भरून येत नाही.

आमच्या बेसचं तसं नव्हतं. तिचा मूळ रंग कधीचाच गेलेला. प्रश्न होता तो दुसऱ्या रंगाचा.

मामांच्या बोटांत संधिवात शिरला आणि त्यांनी बेस माझ्याकडे दिली तेव्हा ती केसमधून बाहेर काढून मी आधी तिची तपासणी केली. तारा सैल करून नेकचे चार स्क्रू काढले. नेकच्या टाचेवर महिना आणि १९६६ साल दाखवणारा शिक्का, शेवटी सी हे अक्षर, म्हणजे नटपाशी, नेकच्या वरच्या टोकाला, रुंदी पावणेदोन इंच. खुंट्या मूळच्या. पिकगार्ड, म्हणजे बॉडीवरची पातळ पट्टी, उचलल्यावर पॉटच्या (आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणाखालच्या भागाच्या) पाठीवरचा आकडा वाचला: सुरुवातीचे १३७ म्हणजे बनवणारी कंपनी सीटीएस, पुढचे दोन आकडे साल, शेवटचे दोन आठवडा. पॉट १९६६ चेच निघाले. एकट्या पॉटवर विसंबू नये. फेंडरने त्या वर्षी पॉटचा भलामोठा साठा घेतला होता आणि ते पुढची काही वर्षं वापरले. पण शिक्का आणि पॉट दोन्ही जुळले की शंका उरत नाही.

नेक जिथे बसतो त्या खोबणीत मात्र मी बराच वेळ डोकं घालून बसलो. कडांना लाल रंगाचा उडालेला फवारा. त्याच्या आत गडद तपकिरी काठ, मग लालसर, मग पिवळा. सनबर्स्टचा एवढाच तुकडा शिल्लक, कारण वागळे इस्टेटच्या पेंटरने खोबणीच्या आत पॉलिशपेपर घातला नव्हता. आणि मधोमध बोटभर रुंदीची एक पट्टी, तिच्यावर वरचा कुठलाच रंग नाही, फक्त पिवळट सीलर, म्हणजे लाकडाची छिद्रं बुजवणारा खालचा थर. फुलर्टनमध्ये बॉडी रंगवताना या खोबणीत धरायला काठी ठोकायचे. काठीखाली रंग पोचायचा नाही. १९६६ सालच्या त्या काठीची सावली मला ठाण्यात ट्यूबलाइटखाली दिसत होती. मी पट्टीच्या कडेवरून नख फिरवलं. रंग जिथे थांबला होता तिथे बारीकशी पायरी लागली.

रात्री स्वयंपाकघरातला दिवा घालवून नोटा तपासायच्या जांभळ्या टॉर्चखाली पुन्हा पाहिली. जुनं नायट्रो त्या उजेडात फिकट हिरवट-पिवळं चमकतं. नेकचा माथा छान उजळला, बॉडी काळीठिक्कर. मामा माझ्या मागे खुर्चीवर बसून बघत होते. म्हणाले, “म्हणजे डोकं फेंडरचं आणि अंग आपलं.”

त्या सुमारास एका ओळखीच्या संग्राहकाशी बोलणं झालं. चांगला जाणकार माणूस. त्यांचा सल्ला सरळ होता: लाल उतरवा, बाहेरून नायट्रो मागवून जुन्या पद्धतीचा थ्री-टोन सनबर्स्ट करून घ्या, हलकेच तडे पाडा, झिजवा. रीफिनिश ती राहीलच, पण डोळ्याला १९६६ ची दिसेल आणि चार पैसे जास्त येतील. असं करतात, आणि सांगून केलं तर त्यात बेइमानी नाही. धोका पुढे असतो. आज मी सांगून विकीन, घेणारा पुढच्याला अर्धं सांगेल, तिसऱ्याच्या हातात ती मूळ रंगाची म्हणून जाईल. नेकच्या खोबणीतली ती काठीची सावलीसुद्धा लोक नकली बनवतात.

पण माझी खरी अडचण वेगळी होती. नवा सनबर्स्ट केला की बेसवर १९६६ च्या कारखान्याचा रंग राहणार नाही, तो आधीच गेलाय. आणि तिच्यावर जी वर्षं खरोखर दिसतात, मामांच्या कोपराने झिजलेली जागा, बकलाचे चरे, मांडवातल्या हॅलोजनखाली विटलेला लाल, तीही जाणार. हातात उरणार एक गुळगुळीत नवं काम, जे कोणाच्याच आयुष्यात घडलेलं नाही.

अशा जागी मला बीटल्सच्या पॉल मॅकार्टनी यांच्या हॉफनर बेसची आठवण होते. त्यांनी ती १९६१ मध्ये हॅम्बुर्गला घेतली. १९६४ च्या सुमारास ती दुरुस्त होऊन नव्याने रंगवली गेली. १९७२ मध्ये लंडनमध्ये गाडीतून चोरीला गेली, आणि सापडल्याची बातमी आली थेट फेब्रुवारी २०२४ मध्ये. पिकअप बसवण्याची बदललेली पद्धत, तो दुसरा रंग, अशा गोष्टी म्हणजेच तिची ओळख. ती रीफिनिश आहे म्हणून निम्मी किंमत धरा, असं कोणी म्हणणार नाही. अमेरिकन बेसवादक जॅको पास्टोरियसने तर फेंडरच्याच १९६२ च्या जॅझ बेसचे पडदे उपटून खाचा भरल्या आणि पट्टीवर होड्यांना लावतात ते मरीन इपॉक्सी चढवलं. आडाख्याने बघितलं तर वाद्याची वाट लावली. १९८६ मध्ये ती न्यूयॉर्कमधून चोरीला गेली, पुष्कळ वर्षांनी सापडली आणि मेटालिकाच्या रॉबर्ट ट्रुहिओच्या मदतीने जॅकोच्या कुटुंबाकडे परत गेली. आज त्या इपॉक्सीला कोणी हात लावेल का?

ही मोठ्या माणसांची वाद्यं, मान्य. मामा प्रसिद्ध नाहीत. पण तत्त्व तेच लागू होतं असं मला मनापासून वाटतं. वाद्य ज्याने पोटासाठी वाजवलं, त्याने ते कामासाठी जसं केलं, तो त्या वाद्याचा खरा इतिहास आहे. आपल्याकडे अशी परदेशी वाद्यं थोडी आली आणि जी आली ती काचेच्या कपाटात बसली नाहीत. ती घामाने, पावसाने, टेम्पोच्या हादऱ्यांनी झिजली, जे मिळेल त्या सामानाने दुरुस्त झाली. त्यांच्यावरचा प्रत्येक थर एखाद्या गल्लीचा, एखाद्या कारागिराचा आहे. ते थर उतरवून सगळ्यांना कॅटलॉगमधल्या फोटोसारखं करत गेलो, तर साठ-सत्तरच्या दशकांत ठाण्या-मुंबईत पाश्चात्त्य वाद्यं कोण वाजवत होतं, कशी वाजवत होतं, याचा वस्तुरूप पुरावा आपणच पुसून टाकू. लिखित नोंदी तर फारशा नाहीतच.

तरी काहीतरी करणं भाग होतं. उजवा हात टेकतो तिथे लाल रंग आणि सरफेसर दोन्ही निघून तळहाताएवढं लाकूड उघडं पडलं होतं. १९७९ साली घासताना मूळ सीलरही गेलेला, त्यामुळे आमच्याकडच्या दमट हवेत ते लाकूड काळवंडायला लागलं होतं. कडेचे पोपडे रोज थोडे थोडे केसमध्ये गळत होते. तसंच ठेवलं असतं तर उरलेला लालही गेला असता.

मी फर्निचर पॉलिशचं काम करणाऱ्या एका मिस्त्रींकडे गेलो. त्यांची शेड वागळे इस्टेटमध्येच, रोड नंबर सोळाच्या आसपास. त्यांनी बेस उलटसुलट केली, अंगठ्याने दाबून पाहिली आणि पिकगार्डखाली लपणाऱ्या जागी कापसाने थिनरचा एक थेंब टेकवला. कापूस लाल झाला. “एनसी आहे दादा, जुनं ड्युको. काम सोपं आहे.”

सोपं का, ते त्यांनी करताना समजावलं. एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोज. ते नुसतं थिनर उडून वाळतं, आत रासायनिक बदल होत नाही. म्हणून पन्नास वर्षांनीसुद्धा स्वतःच्या थिनरमध्ये विरघळतं, आणि नवा हात मारला की तो जुन्याला थोडं वितळवून त्याच्याशी एकजीव होतो. जोड दिसत नाही. पीयू (पॉलियुरेथेन) किंवा पॉलिएस्टर वाळताना आतून घट्ट गुंफलं जातं. त्यावर नवा थर नुसता बसतो, मिसळत नाही. फेंडरही १९६८ च्या सुमारास जाड पॉलिएस्टरकडे वळलं. माथ्यावर मात्र ते नायट्रोच ठेवायचे, कारण पॉलिएस्टरचं नावाच्या स्टिकरशी जमायचं नाही. सत्तरच्या दशकातल्या फेंडरची बॉडी पांढरी आणि माथा पिवळा पडलेला दिसतो तो त्यामुळे.

मिस्त्रींनी पीयूचा पर्याय समोर ठेवला होता: टणक, पिवळं न पडणारं, पावसाळ्यात टिकणारं. मी एनसीच मागितलं. उद्या कोणाला माझं काम काढून टाकायचं असेल तर त्याला ते काढता आलं पाहिजे. त्यावर त्यांची एकच अट होती, पाऊस संपेपर्यंत थांबायचं. ओल्या हवेत एनसी मारलं की थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि थर दुधाळ होतो. रिटार्डर (थिनर सावकाश उडू देणारं द्रव्य) घालून ते थोडं आवरता येतं, पण जुलैमधल्या ठाण्यात त्याचाही इलाज चालत नाही. दिवाळीनंतर या, म्हणाले.

दिवाळीनंतर मामाही आले, रिक्षाने, गुडघ्याला पट्टा बांधून. मिस्त्रींनी त्यांच्यासाठी स्टूल उन्हात टाकलं.

खरा पेच रंग जुळवण्याचा होता. पिकगार्डखालचा लाल अजून ताजा, कुंकवासारखा. बाहेरचा उन्हाने आणि धुराने विटलेला, विटकरीकडे झुकलेला. जुळवायचं कशाशी? मिस्त्रींना ताजा लाल हवा होता. “काका, गिटार पुन्हा पहिल्यासारखी दिसेल.” मामांनी आमच्याकडे पाहिलं, मग पिकगार्डखालचा तुकडा आणि बाहेरची बाजू अशी दोन्हींवर बोटं ठेवली. म्हणाले, “मिस्त्री, आता मीच पहिल्यासारखा दिसत नाही. बाहेरचा जुळवा.”

मग मिस्त्रींची नजर काय असते ते पाहिलं. लाल टिंटरमध्ये पिवळ्याचे थेंब, मग काळ्याचा अगदी काडीच्या टोकाएवढा. प्लायच्या तुकड्यावर एक हात मारायचा, वाळू द्यायचा, शेडच्या बाहेर उन्हात बेसशेजारी धरायचा. ओला रंग गडद दिसतो, वाळला की बदलतो, ट्यूबखाली वेगळा, उन्हात वेगळा. तुकड्यांची ओळ भिंतीला लागली. शेवटी एक तुकडा त्यांनी बॉडीवर ठेवला आणि त्याची कड मला दिसेना.

काम फक्त उघड्या जागेवर आणि तिच्या काठावर केलं. आधी सुटलेले पोपडे ब्लेडने अलगद काढले. घासताना तोंडाला मास्क, कारण जुन्या रंगांत शिसं असू शकतं. हीटगन अजिबात नाही; नायट्रो भडकन पेट घेतं. उघड्या लाकडाला पाणी लागू नये म्हणून सुरुवातीची घासाई कोरडी. मग सीलर, खड्डा भरेपर्यंत पुन्हा सीलर, मग लालचे पातळ हात, वर क्लिअर. कडेला गन लांब नेत नेत फवारा विरवला. महिनाभर बॉडी तारेने टांगून ठेवली, कारण एनसी हाताला कोरडं लागलं तरी आतून उडत राहतं. त्यानंतर साबणाच्या पाण्यात १५०० आणि २००० नंबरचा पाणीपेपर, तोही नव्या भागापुरता. पाठीला, खोबणीला, आतल्या पोकळ्यांना कोणी हात लावला नाही. बकलाचे चरे आहेत तसे आहेत.

आवाज बदलला का, हे लोक हमखास विचारतात. नायट्रोमुळे लाकूड श्वास घेतं वगैरे मी पुष्कळ ऐकलंय. ठोकळ्याच्या इलेक्ट्रिक बेसमध्ये आवाज ठरवतात तारा, पिकअप आणि वाजवणाऱ्याचे हात. रंगाची एवढीशी भर त्यापुढे मला तरी ऐकू येत नाही. रंग जपायचा तो कानासाठी नाही.

जोडणी करण्याआधी पिकगार्डखालच्या पोकळीत एक कागद ठेवला. मामांनी सांगितलं, मी लिहिलं. मूळ रंग थ्री-टोन सनबर्स्ट, पुरावा नेकच्या खोबणीत. १९७९ साली वागळे इस्टेट, ठाणे इथे लाल ड्युको, कोणासाठी आणि कशासाठी. उजव्या कोपराच्या जागेची दुरुस्ती कधी, कोणत्या सामानाने, किती भागापुरती. खाली आम्हा तिघांच्या सह्या. कागद बटर पेपरच्या पाकिटात घातला. व्हिनाइलचं प्लास्टिक नायट्रोला चिकट करतं, तसंच गिटारच्या स्टँडचं रबरही करतं, म्हणून जुन्या फेंडरवाल्यांनी स्टँडला सुती कापड गुंडाळावं. प्रत्येक टप्प्याचे फोटो वेगळे ठेवलेत. रंग बदललेल्या वाद्याबरोबर असा कागद असणं, माझ्या मते, त्या वाद्याच्या संग्रहमूल्याचाच भाग धरायला हवा. व्यापारी आज धरत नाहीत. कागद जास्त बेसमध्ये सापडायला लागले तर धरतील.

त्या संग्राहकांना मी सगळे फोटो पाठवले. त्यांनी किंमत कळवली. ती सनबर्स्टच्या अंदाजापेक्षा कमी होती. मग त्यांनीच मामांशी बोलायला मिळेल का विचारलं, कार्यक्रमांच्या जुन्या जाहिराती, तिकिटं काही उरलंय का, असंही विचारलं. मला हे आवडलं. मामांकडे एक फाइल आहे, ती त्यांनी काढून ठेवलीये.

बेसला आता सपाट गुंडाळीच्या (फ्लॅटवाउंड) तारा लावल्या आहेत, मामांच्या वेळी होत्या तशा. त्यांनी ती मांडीवर घेतली, दुखऱ्या बोटांनी खालच्या तारेवर चार-सहा सूर काढले आणि थांबले. “लांबतोय फार. स्पंज कुठाय?” साठच्या दशकातल्या प्रिसिजनच्या ब्रिजवर क्रोमचं झाकण असायचं आणि त्याच्या आत फोमची पट्टी. ती तारांना दाबून धरायची, सूर आखूड आणि गोल यायचा. झाकण मूळचं असेल तर संग्राहक त्याला चांगला भाव देतात, कारण बहुतेक वादकांनी ती काढून टाकली आणि हरवली. मामांना भावाशी घेणं नाही, त्यांना तो आखूड सूर हवाय. त्यांनी झाकण रंग देताना काढून घेतलं होतं आणि परत लावलं नव्हतं, एवढं त्यांना आठवतं. मामींच्या मते ते माळ्यावर, स्टोव्हच्या सुट्या भागांच्या डब्यात आहे. येत्या रविवारी माळा काढायचा ठरलाय.